फाइंड, फाउंड, फाउंड

सहदेव नाईकधुरे यांचं इंग्रजी चारचौघांत एकदाच घसरलं, आणि घसरलं ते नेमकं खाण्याच्या पदार्थावर.

१९८४ सालच्या मे महिन्यात कांजूरमार्ग पूर्वेच्या श्री देव रवळनाथ को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा भरली होती. अठरा बिऱ्हाडांची ही इमारत. त्यातली सतरा बिऱ्हाडं कणकवली-मालवणकडची, गिरणीत खपलेली, आणि अठरावं तिसऱ्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाश कर्णिकांचं. कर्णिक विमा कंपनीत अधिकारी होते आणि शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावायचे. सहदेवराव सोसायटीचे मानद सेक्रेटरी. मानद म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं, की पाणी आलं नाही म्हणजे ज्याच्या दाराची कडी सगळ्यात आधी वाजते तो मानद. भांडुपच्या कारखान्यात दिवसभर डिस्पॅच क्लार्क म्हणून खोकी मोजायची आणि घरी येऊन कडीला ओ द्यायची, असा त्यांचा दिनक्रम होता.

तर सभेत कर्णिक उठले आणि त्यांनी थेट इंग्रजीतून विचारलं, की पाण्याबद्दल म्युनिसिपालिटीला पत्र लिहिलंत का? सहदेवरावांनी ते पत्र एकदा नाही, तीनदा लिहिलं होतं. तिन्ही वेळा स्वतः जाऊन पोच घेतली होती, शिक्क्यासकट. त्या अभिमानाच्या भरात त्यांनीही इंग्रजीतच उत्तर दिलं.

"येस! आय हॅव रोट!"

"रिटन, सेक्रेटरी, रिटन," कर्णिक म्हणाले. "हॅवनंतर रिटन. रोट मारुतीला वाहतात."

सगळी सभा हसली. खाली बसलेला पखवाजवादक काशीराम मेस्त्री, जो सहदेवरावांचा जिवाभावाचा मित्र, तो मांडी थोपटत हसला. ते एक वेळ चाललं असतं. पण बायकांच्या रांगेत सुलक्षणाबाईही तोंडाला पदर लावून हसल्या, आणि ते सहदेवरावांनी पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांत ही बाई त्यांना हसली नव्हती अशातला भाग नाही, पण ते घरात, दार लावून. पत्र तीनदा लिहिलं होतं, पोचा फायलीत होत्या, हे विचारायचं कोणाच्याही लक्षात आलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव 'रोट सेक्रेटरी' पडलं. दुधाचं केंद्र चालवणारी बाई, जी ह्या सोसायटीची सभासदही नव्हती, तीसुद्धा म्हणाली, "काय रोटसाहेब, आज एकच पिशवी?"

येत्या दसऱ्याला सोसायटीला दहा वर्षं होणार होती. उपनिबंधक कार्यालयातले एक साहेब पाहुणे म्हणून यायचे होते, आणि सेक्रेटरीला दहा वर्षांचा अहवाल वाचायचा होता. सहदेवरावांनी देवघरातल्या रवळनाथाच्या फोटोसमोर उभं राहून दोन गोष्टी ठरवल्या. एक, तो अहवाल इंग्रजीतून वाचीन, आणि कर्णिकांना तोंड उघडायला जागा ठेवणार नाही. नाही जमलं तर सेक्रेटरीपद सोडीन. आणि दोन, इंग्रजीतली सगळी वाकडी क्रियापदं पाठ होईपर्यंत मासे बंद.

"मासे कशाला बंद?" सुलक्षणाबाईंनी विचारलं. "माशांनी काय केलंय तुमचं?"

"त्यागाशिवाय विद्या येत नाही."

"मग सिगरेट सोडा ना. बांगड्याचा काय संबंध?"

पण नवस बोलून झाला होता. त्यात त्यांचं नशीब असं, की व्रत सुरू केलं आषाढात आणि लगेच लागला श्रावण. अख्खी बिल्डिंगच महिनाभर भाजीभातावर, त्यामुळे त्यांच्या त्यागाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मुलगी शुभा नुकतीच दहावी झाली होती. तिचं खाकी कव्हर घातलेलं व्याकरणाचं पुस्तक त्यांनी माळ्यावरून काढलं. शेवटी यादी होती: 'अनियमित क्रियापदे', एकूण एकशे बेचाळीस. पुढच्या पानावर 'नियमित क्रियापदे' अशी दुसरी यादी होती, पण तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. नियमित क्रियापदांना ईडी लावलं की काम भागतं. त्यात काय मर्दुमकी? ती कोणीही करील.

अनियमितांनी मात्र त्यांचा अंत पाहिला. सहदेवरावांचं आयुष्य कारखान्याच्या भोंग्यावर गेलेलं. सातच्या पाळीला सात म्हणजे सात. इथे कोण कधी कसा बदलेल याचा पत्ताच नाही.

"शुभा, सिंग-सँग-संग," ते म्हणाले, "रिंग-रँग-रंग. बरोबर?"

"बरोबर."

"मग ब्रिंग-ब्रँग-ब्रंग का नाही?"

"ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, बाबा."

"पण का?"

"का असं विचारायचं नसतं. पाठ करायचं असतं."

हे उत्तर त्यांना आयुष्यभर सगळ्याच ऑफिसांमध्ये मिळालं होतं. रीड-रेड-रेड पाहिल्यावर तर त्यांनी हातच जोडले. लिहायचं एक आणि वाचायचं भलतंच. हे क्रियापद नक्की सरकारी नोकरीत असणार असं त्यांचं मत पडलं.

बातमी जिन्यावरून वर-खाली गेली आणि सल्ले यायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या विमलावहिनींनी डोक्याला लावायला ब्राह्मी तेलाची बाटली दिली. ते लावून सहदेवरावांना क्रियापदं आठवेनात, पण झोप मात्र उत्तम लागू लागली. कोणी सांगितलं, बदाम भिजवून खा. कोणी म्हणालं, शब्द चिठ्ठ्यांवर लिहून घरभर डकवा. तेही केलं. आरशावर 'सी-सॉ-सीन', मोरीवर 'ड्रिंक-ड्रँक-ड्रंक', आणि पिठाच्या डब्यावर 'हाइड-हिड-हिडन' लागलं. पिठाच्या डब्यात घरातली शिल्लक लपवलेली असायची, हे कळायला पाहुण्यांना एवढं पुरेसं होतं. सुलक्षणाबाईंनी ती चिठ्ठी सगळ्यात आधी फाडली.

वाट सापडली ती शनिवारच्या भजनात. सोसायटीचं भजनी मंडळ होतं, सहदेवराव त्याचे बुवा. पेटीवर बसले तरी डोक्यात क्रियापदंच होती. काशीराम पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावत होता.

"कट-कट-कट," सहदेवराव पुटपुटले. "पुट-पुट-पुट. शट-शट-शट."

काशीरामचा हात थांबला. "बुवा, परत म्हणा."

"कट-कट-कट, पुट-पुट-पुट."

"अरे मेल्या, हे तर माझे बोल आसत!" असं म्हणून काशीरामने ते वाजवलेच. हिट-हिट-हिट, हर्ट-हर्ट-हर्ट, आणि शेवटी लेट-लेट-लेटवर समेवर थाप. टाळकऱ्यांनी टाळ उचलले. पंधरा मिनिटांत बिनबदलाची सगळी क्रियापदं चालीत बसली. पुढच्या शनिवारी गो-वेंट-गॉनची विलंबित चाल लागली, त्याच्या पुढच्या शनिवारी ब्रेक-ब्रोक-ब्रोकनचा गजर. दुसऱ्या मजल्यावरून तक्रार आली, पण ती आवाजाची नव्हती. 'स्पीक-स्पोक-स्पोकन' घाईत म्हणता, आम्हाला शब्द कळत नाहीत, अशी होती.

गणपती येईपर्यंत सगळी बिल्डिंग बोलू लागली. कप फुटला की सुलक्षणाबाई म्हणायच्या, "ब्रेक-ब्रोक-ब्रोकन! गेला सेटमधला." विमलावहिनींची नवी चप्पल दारातून नाहीशी झाली तेव्हा त्यांनी जिन्यात उभं राहून "स्टील-स्टोल-स्टोलन" असा टाहो फोडला. सहदेवराव जिना चढताना हे ऐकायचे आणि त्यांची छाती भरून यायची. ज्या बिल्डिंगने त्यांना रोट म्हटलं, ती बिल्डिंग आज त्यांच्या चालीवर बोलत होती.

यादी ए पासून होती, त्यामुळे एकशे बेचाळिसावं आणि शेवटचं क्रियापद कोणतं निघावं? राइट-रोट-रिटन. तेही पाठ झालं. सुलक्षणाबाईंनी न सांगता बांगडे आणले होते. त्या दिवशी ते सात बांगडे जेवले. ईट-एट-ईटन.

आता खरी गंमत.

दसऱ्याच्या कार्यक्रमात दोन गोष्टी व्हायच्या होत्या: संस्थापक कै. धोंडिराम परब यांचा फोटो ऑफिसात लावायचा, आणि दारावर संगमरवरी पाटी बसवायची. धोंडिराम दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची बायको सगुणाकाकी तळमजल्यावर राहायच्या. धोंडिरामांना कोणी विचारलं की काका, ही सोसायटी कशी हो काढलीत, तर ते "गावली" एवढंच म्हणायचे आणि कामाला लागायचे. पाटी इंग्रजीत हवी असं सर्वानुमते ठरलं होतं, कारण समोरच्या गुजराती सोसायटीची इंग्रजीत होती.

मजकूर लिहायचं काम अर्थातच कर्णिकांकडे. कमिटीच्या सभेत त्यांनी नोटीस वाचून दाखवली, की दसऱ्याला सकाळी दहा वाजता अवर फाउंडर विल बी हँग्ड इन द सोसायटी ऑफिस.

"थांबा," सहदेवराव म्हणाले.

त्यांच्या आवाजातच काहीतरी होतं. काशीरामने तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"फोटो लावायचा तर हँग-हंग-हंग," सहदेवराव सावकाश म्हणाले. "माणसाला फाशी द्यायची तर हँग-हँग्ड-हँग्ड. कर्णिकसाहेब, तुम्ही दसऱ्याला धोंडिरामकाकांना फाशी देताय."

"काय?" काशीराम उभाच राहिला. "धोंडूकाकाक फाशी? मेल्यावर?"

कर्णिकांनी पुस्तक मागितलं. सहदेवरावांनी पान काढूनच ठेवलं होतं. कर्णिकांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि दोन पेनांपैकी एक काढून स्वतःच्या हाताने दुरुस्ती केली. खोलीत कोणी हसलं नाही, पण ती शांतता सहदेवरावांना टाळ्यांपेक्षा गोड वाटली. त्या दिवसापासून त्यांना रोट म्हणणं बंद झालं. दूधवाली बाईसुद्धा साहेब म्हणू लागली.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण विजयी माणूस थांबत नाही. पुढच्याच आठवड्यात पाटीच्या मजकुरासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. कर्णिकांनी वाचलं, "धिस सोसायटी वॉज फाउंडेड इन १९७४ बाय लेट श्री धोंडिराम परब."

"फाउंडेड?" सहदेवराव म्हणाले. "असा शब्दच नाही."

"आहे."

"नाही. फाइंड-फाउंड-फाउंड." आणि त्यांनी ते चालीत म्हटलं. सवयीने मागच्या रांगेतून तिघांनी साथ दिली.

"अहो, ते वेगळं क्रियापद!" कर्णिक ओरडले. "हा फाउंड निराळा!"

"एकदा फाउंड झालेल्याला परत ईडी लावायचं? वेंटला वेंटेड म्हणाल? आणि फाशीच्या वेळेलासुद्धा तुम्ही असंच खात्रीने सांगत होतात."

इथे कर्णिक गडबडले. काशीरामने मत टाकायची सूचना मांडली. मुंबईच्या उपनगरात व्याकरण हात वर करून ठरल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. सतरा विरुद्ध एक. ठराव क्रमांक सात: 'ईडी काढून टाकावे.'

सहदेवराव पाटी करायला मालाडला रतनकडे गेले. रतन तीस वर्षं संगमरवरावर अक्षरं कोरत होता. त्याने कागद पाहिला आणि पेन्सिल कानाला लावली.

"साब, इथे ईडी राहिलं ना? मी चाळीस सोसायट्यांच्या पाट्या केल्या. सगळीकडे ईडी आहे."

"म्हणजे चाळीस सोसायट्या चुकल्या," सहदेवराव म्हणाले.

रतनने कानाची पेन्सिल काढली. "आपल्याला काय, साब. तुम्ही बोलाल ते कोरणार."

पाटी आली, दाराशेजारी सिमेंटात बसली, वर लाल पडदा लागला. सहदेवरावांनी अहवाल लिहिला, सुलक्षणाबाईंसमोर अकरा वेळा वाचला. 'वी हॅव बिल्ट, वी हॅव केप्ट, वी हॅव पेड' असा तो होता. एकही चूक नाही. चुकीला जागाच नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता, आंघोळ करून, नवा सदरा घालून त्यांनी शेवटचं एक खात्रीसाठी पुस्तक उघडलं. 'इनॉगरेट'चं भूतकाळी रूप काय? अनियमितांत ते नव्हतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुढचं पान उलटलं. नियमितांच्या यादीत बोट आयवर नेता नेता ते एफवर अडखळलं.

फाउंड, फाउंडेड, फाउंडेड. स्थापन करणे.

ते पलंगावर बसले. मग परत वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं.

"काय झालं?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"वाट लागली," सहदेवराव म्हणाले. "सोसायटी स्थापन झालीच नाही. सापडली."

त्यांनी केमिस्टच्या दुकानातून मालाडला रतनच्या शेजाऱ्याकडे फोन लावला. रतनला बोलवून आणण्यात दहा मिनिटं गेली. "साब, दगडातलं अक्षर घासून काढता येतं," रतन म्हणाला, "पण नवीन घालायला जागा पायजे. तुमच्या फाउंडला इन अगदी चिकटून बसलंय. ईडी बसवायचं तर इनला उठवावं लागेल."

खाली काशीराम तोरण बांधत होता. त्याला एकट्याला सांगितलं, आणि काशीरामने एकट्या विमलावहिनींना सांगितलं, त्यामुळे साडेनऊपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. सल्ले परत सुरू झाले. विमलावहिनी म्हणाल्या, ईडी खडूने लिहा. कोणी म्हणालं, पाटीवर शेंदूर लावा, देवाची वाटेल. कोणी ठराव क्रमांक सात रद्द करा म्हणालं, तर कमिटीतल्या एकाने आठवण करून दिली, की सभेचा ठराव सभेशिवाय बदलत नाही, आणि सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. ही अट इतर वेळी कोणी पाळली नव्हती. शेवटी काशीरामने झेंडूचा एक दणदणीत हार आणला आणि पाटीच्या दुसऱ्या ओळीवरून आडवा सोडला. 'वॉज'नंतर थेट '१९७४' दिसत होतं. मधे फुलं.

सहदेवरावांच्या मनात एकच गोष्ट होती. कर्णिक बरोबर होते. बाकीच्या सोळा माणसांनी त्यांच्यावर विश्वास ठेवून हात वर केले होते, आणि त्या सोळांच्या नावाने दगडात चूक कोरली गेली होती. रोटचं हसू आपल्या एकट्याच्या वाट्याचं होतं. हे मात्र सगळ्यांवर जाणार होतं. याची त्यांना फार लाज वाटली.

दहा वाजता साहेब आले. फोटो ठीक लागला. हंग झाला, हँग्ड नाही. सगुणाकाकींनी नवऱ्याच्या फोटोला सोनं वाहिलं. मग सगळे दाराशी आले. साहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या वाजल्या. साहेब मोठ्याने वाचू लागले.

"धिस सोसायटी वॉज..." ते थांबले. "पुढे फुलं आहेत." आणि अगदी हळुवार हाताने त्यांनी हार बाजूला केला. "वॉज फाउंड इन १९७४."

कर्णिकांनी घसा साफ केला. सगळ्यांना तो आवाज ओळखीचा होता.

पण कर्णिक बोलायच्या आत सहदेवराव पुढे झाले. हातातला इंग्रजी अहवाल त्यांनी घडी करून खिशात घातला आणि मराठीतून बोलले.

"साहेब, चूक माझी आहे. फाउंडेड पायजे होतं. कर्णिकसाहेबांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ह्या लोकांनी माझ्यावर भरवसा ठेवून हात वर केले. त्यांना कोणी हसू नये. उद्यापासून सेक्रेटरी दुसरा बघा."

कर्णिक तोंड उघडं ठेवून उभे होते. तेवढ्यात मागून सगुणाकाकी आल्या.

"काय रे सहदेवा, रडतंस कित्या? काय लिवलंस तू थंय?"

"काकी, लिहायचं होतं स्थापन झाली. लिहिलं गेलं, धोंडिरामकाकांना सापडली."

"गावली?"

"होय. गावली."

काकींनी पाटीवर हात ठेवला. मग हसल्या, आणि मोठ्याने बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मगे बरोबर लिवलंस! स्थापूक सोसायटी म्हणजे काय भाकरी आसा, थापूक? आयकात सगळे. भाच्याक पोरगी बघूक म्हणान हे कांजूरक इले. वाट चुकले नि मिठागराच्या चिखलात गेले. एक चप्पल रुतली. ती सोधूक हात घातल्यानी, तर हाताक लागली फळी, पालथी पडलेली. पुसून बघतत तर, प्लॉट विकणे आहे! घराक इले ते एकाच चपलेर. मी इचारलंय, दुसरी खंय? तर म्हणाले, चप्पल गावूक नाय, पण जागा गावली." त्या थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "स्थापलास ती तुम्ही सगळ्यांनी. गिरणीत राबान, हप्ते भरून. ह्यांका फक्त गावली. ते कधी दुसरा काय म्हणाले नाय. ती चप्पल अजून माझ्या माळ्यार आसा."

दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला धोंडिरामांचं ते 'गावली' ऐकू आलं. वर्षानुवर्षं ऐकलं होतं, आणि ते विनयाने काहीतरी म्हणतात असं समजत होते. ते सरळ खरं सांगत होते.

साहेबांनी पाटी परत वाचली. "मग ह्यात चूक कुठे आहे?" ते म्हणाले.

कर्णिक पुढे आले. सहदेवरावांना वाटलं, आता व्याकरण येणार. कर्णिकांनी खिशातून एक पेन काढलं आणि सहदेवरावांच्या हातात दिलं.

"मी सूचना मांडतो," ते म्हणाले, "की ठराव क्रमांक सात कायम ठेवावा, पाटी आहे तशी राहू द्यावी, आणि सेक्रेटरीही आहेत तेच राहावेत."

"अनुमोदन!" काशीराम ओरडला.

चौदा दिवसांची नोटीस नव्हती, तरी अठरा हात वर गेले. साहेबांनी शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहिलं. सुलक्षणाबाईंनी मिनिट्सचं बुक आणून दिलं आणि सहदेवराव जिन्याच्या पायरीवर बसून लिहू लागले. त्यांना इतका अभिमान वाटत होता, की अक्षर नेहमीपेक्षा मोठं येत होतं. हा अभिमान क्रियापदांचा नव्हता. आपण अशा इमारतीचे सेक्रेटरी आहोत, याचा होता.

"सेक्रेटरी," कर्णिकांनी इंग्रजीतून विचारलं, "ठराव लिहिला का?"

सहदेवरावांनी खाली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि मान वर केली.

"येस, मिस्टर कर्णिक. आय हॅव रिटन."

यावर कोणी हसलं नाही. एकट्या सुलक्षणाबाई हसल्या, आणि त्यांनी तोंडाला पदर लावला नाही.